उरलेल्या तुकड्यांची गोधडी

(महिला मंडळ व तरुण संघ यांच्या बैठकांसाठी अभ्यासपाठ)

वाचनभाग : निर्गम २२:२६-२७, यशया २८:१४-२०, मार्क २:१८-२२, मार्क ६:३५-४४, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, १ करिंथ १२:२२-२५.

उद्देश : उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून टिकाऊ गोधडी कशी शिवावी हे समजून घेणे, आणि उरलेले देणे व उरलेल्यातून करून देणे यांतील अंतर पवित्र शास्त्राच्या प्रकाशात पाहणे.

ज्या घरात शिवणयंत्र आहे त्या घरात चिंध्यांचे एक गाठोडे असतेच. झंपर बेतल्यावर उरलेली कात्रणे, आखूड झालेल्या सदऱ्याची पाठ, विरलेल्या लुगड्याचे अद्याप धड असलेले काठ, परकराचा घेर, जुन्या पडद्याची पट्टी, असे सारे त्या गाठोड्यात साठत जाते. टाकून देववत नाही आणि उपयोगही सुचत नाही. मग एके दिवशी ते गाठोडे बोहारणीच्या टोपलीत जाते व त्याच्या बदल्यात एखादे पातेले घरात येते. किंवा नाताळच्या सुमारास मंडळीत गरिबांसाठी कपडे गोळा होऊ लागले म्हणजे ते तसेच्या तसे तिकडे रवाना होते, आणि देणाऱ्याला दान केल्याचे समाधान मिळते.

या दोन वाटांखेरीज तिसरी एक वाट आहे. ती आपल्या आज्यापणज्यांना चांगली ठाऊक होती. ती म्हणजे गोधडीची. या वाटेने गेलेला तुकडा चिंधी राहत नाही. तो कोणाच्या तरी अंगावरचे पांघरूण होतो. मात्र चिंधी आणि पांघरूण यांच्यामध्ये पुष्कळ श्रम असतात. त्या श्रमांचाच आज आपण क्रमाने अभ्यास करू या.

१. एक वस्तू, अनेक नावे

आपण जिला गोधडी म्हणतो तिलाच देशावर पुष्कळ ठिकाणी वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेले लहान रूप ते दुपटे. कर्नाटकात कौदी, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी ही याच कुळातील नावे होत. संस्कृतातील कन्था हा शब्दही चिंध्या शिवून केलेल्या वस्त्रालाच लावलेला आढळतो. तेव्हा बेळगाव, हैदराबाद, इंदूर, बडोदे वा दिल्ली येथे राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या शेजारी ही वस्तू कोणत्या ना कोणत्या नावाने नांदत असणारच.

गोधडीची रचना साधी आहे. खाली एक अखंड थर, बहुधा जुने सुती लुगडे किंवा चादर. मध्ये जीर्ण वस्त्रांचे दोन-तीन थर. आणि वर तुकड्यांचा थर. हे सर्व थर धावदोऱ्याच्या ओळींनी एकत्र बांधलेले असतात. गोधडीची ऊब एखाद्या जाड कापडामुळे येत नाही. थराथरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे येते. म्हणूनच विरलेली पातळ वस्त्रेसुद्धा एकत्र शिवली असता थंडी अडवितात. एकटी असताना त्यांतील कोणतीही ती अडवू शकत नाही.

वरचा थर तयार करण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पहिल्या रीतीत सारख्या मापाचे चौकोन कापून ते एकमेकांना जोडतात व त्यांचे एक अखंड कापड झाल्यावर ते इतर थरांवर पसरतात. दुसऱ्या रीतीत तुकडे जसे मिळतील तसे घेतात, त्यांच्या कडा दुमडून ते थेट खालच्या थरांवर बसवितात आणि शिवत जातात.

या दुसऱ्या रीतीचे एक उत्तम उदाहरण कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात पाहावयास मिळते. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील रानांच्या आश्रयाने सिद्दी समाजाची वस्ती आहे. हे लोक मूळचे आफ्रिकेतील. त्यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना गुलाम म्हणून पश्चिम किनाऱ्यावर आणण्यात आले होते, आणि पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटलेले कित्येक जण या रानांत येऊन राहिले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या बोलीत कोकणीबरोबर मराठी व कानडी यांचेही मिश्रण आहे. २००३ साली या समाजाचा कर्नाटकातील अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला.

सिद्दी स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. कवंदीची शिवण कडेपासून सुरू होते. शिवणारी स्त्री चारही कडांनी फिरत फिरत आत येते आणि शेवटचा टाका मध्यभागी पडतो. चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे बसवितात. त्यांना त्या फुले म्हणतात, आणि ती नसतील तर कवंदी अपुरी समजतात. ख्रिस्ती घरांतील काही कवंद्यांवर क्रूस आढळतो, तर मुसलमान घरांतील काहींवर चंद्रकोर. २००४ साली या स्त्रियांची एक सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीस अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील कलेतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रूवाल यांचे साहाय्य झाले. ज्यांच्या पूर्वजांना एके काळी जगाने वापरून टाकण्याजोगे मानले, त्यांच्या लेकीसुनांनी टाकाऊ कापडातून हे काम उभे करावे, ही गोष्ट चिंतन करण्याजोगी आहे.

२. कोरे आणि धुतलेले

गोधडीच्या कामातील पहिला नियम हा की, पाणी न लागलेला तुकडा जोडावयाचा नाही. हा नियम नीट समजला की मार्क २:२१ मधील ठिगळाचा दाखलाही अधिक स्पष्ट होतो.

त्या दाखल्याचा संदर्भ उपासाच्या प्रश्नाचा आहे. प्रभू येशूचे आगमन ही जुन्या व्यवस्थेवर लावण्याची ठिगळपट्टी नव्हे, हा त्याचा मुख्य अर्थ होय, आणि तो आपण कायम ठेवू. परंतु या दाखल्याचा आधार घेऊन जुने ते सारे टाकावे किंवा जुन्याला काही जोडूच नये असे कोणी म्हणू लागले, तर ते मूळ चित्राशी जुळत नाही. त्या चित्रात वस्त्र जुने आहे म्हणून त्याला दोष दिलेला नाही. सांधण्याच्या कामालाही दोष दिलेला नाही. फाटण्याचे कारण ठिगळाच्या कापडात आहे.

मूळ ग्रीक भाषेत त्या कापडासाठी 'अग्नाफोस' असा शब्द आहे. आपल्या भाषेप्रमाणेच तेथेही आरंभीचा 'अ' हा नकार दर्शवितो. त्याच कुळातील 'ग्नाफेउस' हा शब्द मार्क ९:३ मध्ये प्रभूच्या रूपांतराच्या प्रसंगी आला आहे. पृथ्वीवरील कोणाही परटाला साधणार नाही अशी शुभ्रता तेथे वर्णिली आहे. त्या काळी मागावरून उतरलेले लोकरीचे कापड परटाकडे जात असे. तो ते क्षार घातलेल्या पाण्यात तुडवून स्वच्छ करी, त्यामुळे त्याचे धागे दाटत व कापड आटत असे. ज्या कापडावर ही क्रिया झालेली नाही ते 'अग्नाफोस'. असे कापड जुन्या वस्त्राला लावले आणि ते वस्त्र पहिल्यांदा पाण्यात पडले, की ठिगळ आटते. जुने वस्त्र पूर्वीच आटलेले असते व त्याचे धागेही कमकुवत झालेले असतात. मग टाका तुटत नाही. टाक्याच्या लगतचे जुने कापड फाटते, आणि भोक पहिल्यापेक्षा मोठे होते.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात येथे 'कोरे' हा शब्द योजलेला आहे, आणि तो अत्यंत समर्पक आहे. नवे कापड दोनचार वेळा धुतलेले असू शकते. कोरे कापड तसे असू शकत नाही. पाणी न लागलेले, खळ न उतरलेले ते कोरे. कित्येक भाषांत भाषांतरकाराला येथे लांबलचक वर्णन करावे लागते. मराठीत हा शब्द आयता हाती आला, कारण कापड धुणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांनी तो आधीच घडवून ठेवला होता.

लूक ५:३६ मध्ये हाच दाखला थोड्या निराळ्या रीतीने आला आहे. तेथे ठिगळ नव्या वस्त्रातून फाडून घेतलेले आहे. त्यामुळे नवे वस्त्र वाया जाते आणि जुन्याशी ते ठिगळ शोभतही नाही, असे दुहेरी नुकसान लूक दाखवितो. गोधडी शिवणारी स्त्री हे नुकसान होऊ देत नाही. ती धड वस्त्राला कात्री लावीत नाही. वस्त्राचे पहिले आयुष्य सरल्यावरच ते तिच्या हाती येते.

आणखी एक बाब अभ्यासूंनी लक्षात घेण्याजोगी आहे. मार्क २:२१ मध्ये ठिगळाला 'प्लेरोमा', म्हणजे भर किंवा भरती, असे म्हटले आहे. आणि ती भर जुन्यातून ओढून नेते, असे क्रियापद आहे. मार्क ६:४३ मध्ये भाकरींचे उरलेले तुकडे उचलले गेले आणि त्यांनी बारा टोपल्या भरल्या, तेथेही हीच दोन मूळ पदे पुन्हा येतात. यावर एखादा सिद्धान्त उभारणे योग्य होणार नाही. तरी शेजारी ठेवून पाहिल्यास दोन चित्रे बोलकी आहेत. एका ठिकाणी तयारी न झालेली भर असलेले फाडते. दुसऱ्या ठिकाणी आशीर्वाद मिळालेल्या अन्नाचे उरलेले तुकडे काळजीने उचलले जातात आणि त्यांतून भरती होते. तुकडा लहान की मोठा, नवा की जुना, एवढ्यावरून त्याचे काम ठरत नाही. त्याची कोणती तयारी झाली आहे आणि तो कोणाच्या हातून गेला आहे, यावर ते ठरते.

व्यवहारात याचा अर्थ असा. कात्रणांतील कोरे सुती तुकडे रात्रभर स्वच्छ पाण्यात भिजत घालावे, सकाळी खळबळून उन्हात वाळवावे व नंतर इस्त्री करावी. लाल, किरमिजी व गडद निळा या रंगांची परीक्षा करावी. ओला तुकडा पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. डाग पडला तर तो पुन्हा धुवावा, आणि रंग सुटतच राहिला तर तो तुकडा बाजूला ठेवावा. सुती तुकड्यांत टेरिकॉट व नायलॉन मिसळू नये. सुती कापड आटते, ती कापडे तशी आटत नाहीत. शिवाय गरम इस्त्रीखाली ती वितळतात. त्यांची गोधडी करावयाची तर वेगळी करावी.

३. मांडलेले माप आणि शिवलेले माप

आता चौकोन जोडण्याच्या रीतीचे एक उदाहरण घेऊ. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी ४० इंच रुंद व ५० इंच लांब गोधडी करावयाची आहे. प्रत्येक चौकोन ६ इंचाचा कापला, तर चारही बाजूंनी अर्धा अर्धा इंच शिवणीत जाऊन तो ५ इंचाचा उरतो. म्हणजे आडव्या ओळीत ८ चौकोन आणि अशा १० ओळी. एकूण ८० चौकोन लागतील. मोठ्या माणसासाठी ६० इंच रुंद व ९० इंच लांब गोधडी हवी असेल तर १२ चौकोनांच्या १८ ओळी, म्हणजे २१६ चौकोन लागतील.

पहिलेच उदाहरण पुढे नेऊ. हे ८० चौकोन न शिवता जमिनीवर शेजारी शेजारी मांडले तर ते ४८ इंच रुंद व ६० इंच लांब दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, पुरेसे आहे, उलट जास्तच आहे. पण शिवून व कडा बांधून झाल्यावर रुंदी ८ इंचांनी आणि लांबी १० इंचांनी कमी भरते. शिवणीत काय जाणार आहे याचा हिशेब ज्याने केला नाही त्याच्या हाती अपुरे पांघरूण येते. पाय झाकावे तर खांदे उघडे पडतात.

यशया २८:२० मध्ये संदेष्ट्याने नेमके हेच चित्र वापरले आहे. बिछाना इतका आखूड की पाय लांब करता येत नाहीत, आणि पांघरूण इतके अरुंद की अंगाभोवती घेता येत नाही. हे शब्द यरुशलेमेतील अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. आपण मृत्यूशीच करार केला आहे, संकट आपल्यापर्यंत पोहोचणार नाही, अशी त्यांची घमेंड होती. कागदावर त्यांचे संरक्षण पुरेसे दिसत होते. प्रसंग आल्यावर ते अंगाला पुरणार नव्हते. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो, आणि ते खर्चाच्या बाबतीत योग्यही आहे. परंतु दुसऱ्यासाठी पांघरूण करणाऱ्याने ही म्हण उलट वाचावी. आधी त्याचे पाय पाहावे, मग पांघरुणाचे माप ठरवावे. घेणारा किती उंच आहे, तो जमिनीवर निजतो की खाटेवर, गोधडी एकाला हवी की दोन भावंडांना मिळून, हे विचारल्यावाचून कात्री हाती घेऊ नये.

४. अशक्त तुकड्याला अस्तर

तुकडे धुऊन झाल्यावर प्रत्येक तुकडा खिडकीपाशी उजेडासमोर धरून पाहावा. कापड चाळणीसारखे दिसू लागले असेल तर ते एकट्याने ताण सोसणार नाही. अननुभवी हात असा तुकडा फेकून देतात. अनुभवी हात प्रथम विचारतात, की याला अस्तर देता येईल काय. विरलेल्या तुकड्याच्या मागे त्याच मापाचा मजबूत सुती तुकडा ठेवून दोन्ही मिळून एक चौकोन मानला, तर तो इतरांच्या बरोबरीने टिकतो. पुष्कळदा घराला प्रिय असलेला तुकडा हाच असतो. वारलेल्या आईच्या लुगड्याचा, किंवा आता मोठ्या झालेल्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या झग्याचा. तो वगळला तर गोधडी अधिक मजबूत होईल, पण त्या घराची राहणार नाही.

१ करिंथ १२:२२-२५ येथे पौल शरीराच्या अवयवांविषयी असेच बोलतो. जे अवयव अशक्त दिसतात त्यांची आवश्यकता अधिक आहे असे तो म्हणतो, आणि जे कमी मानाचे वाटतात त्यांना आपण अधिक मान देतो असे पुढे सांगतो. तेथील 'देतो' यासाठी ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ 'भोवती घालणे' असा आहे. मत्तय २७:२८ मध्ये शिपायांनी प्रभूच्या अंगावर तांबडा झगा घातला, तेथेही तेच क्रियापद योजले आहे. म्हणजे पौलाच्या मनात मान ही एखादे वस्त्र अंगाभोवती घालावे तशी घालण्याची गोष्ट आहे. अशक्ताला अस्तर देणे ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. सबंध वस्त्राच्या टिकाऊपणाची ती अट आहे. एका अशक्त चौकोनाकडे दुर्लक्ष केले तर पहिली फट तेथेच पडते, आणि शेजारचे मजबूत चौकोनही तेथूनच उसवू लागतात.

५. शिवण्याचा क्रम

मांडणी करताना फिके व गडद तुकडे आलटून पालटून ठेवावे. एकाच कापडाचे दोन तुकडे शेजारी येऊ देऊ नयेत. सर्व चौकोन जमिनीवर मांडून एकदा दुरून पाहावे. नंतर प्रत्येक ओळीचे चौकोन क्रमाने एकावर एक रचून दोऱ्याने बांधावे व त्यावर ओळीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचावी.

आधी आडव्या ओळी शिवाव्यात, मग ओळीला ओळ जोडावी. शिवणीच्या मागील कडा पहिल्या ओळीत उजवीकडे, दुसरीत डावीकडे अशा आळीपाळीने दाबून इस्त्री करावी. त्यामुळे चार चौकोन जेथे मिळतात तेथे गाठीसारखा जाडपणा येत नाही. हाताने शिवणाऱ्यांनी धावदोरा घालताना दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटा टाका घ्यावा. मग एका ठिकाणी दोरा तुटला तरी सबंध ओळ उसवत नाही.

खालचा थर उलटी बाजू वर करून ताणून पसरावा, त्यावर मधले थर घालावे आणि सर्वांत वर तुकड्यांचे कापड ठेवावे. खालचा व मधले थर वरच्यापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठे असावेत. मधल्यापासून कडेकडे सुरकुत्या सारीत मोठे कच्चे टाके घालावे. त्यानंतर दोन-दोन बोटांच्या अंतरावर धावदोऱ्याच्या पक्क्या ओळी घालाव्या. दोरा सुती व दुहेरी असावा. तो फार ओढू नये. ओढला तर गोधडी आखडते. सैलही सोडू नये. सोडला तर मुलांची बोटे त्यात अडकतात. शेवटी कच्चे टाके काढून टाकावे, कडा सारख्या कापाव्या व सभोवार तिरप्या पट्टीचा गोट लावावा. सर्वांत आधी झिजते ती कडच, म्हणून गोटासाठी सर्वांत मजबूत कापड राखून ठेवावे.

येथे एक सूचना देणे आवश्यक आहे. एक वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर जाड गोधडी घालू नये. सैल पांघरूण तोंडावर आल्यास श्वास कोंडण्याचा धोका असतो. अशा बाळाला ऊबदार कपडे घालावे. जाड गोधडी त्याच्या बिछान्यातही ठेवू नये. बाळ जागे असताना व कोणी जवळ असताना ती खेळण्यासाठी जमिनीवर अंथरावी.

६. कोणाच्या अंगावर?

निर्गम २२:२६-२७ येथील नियमशास्त्राची आज्ञा प्रत्येक दात्याने वाचावी. शेजाऱ्याचे वस्त्र गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावयाचे. कारण दिवसा जे अंगावर असते तेच गरिबाचे रात्रीचे पांघरूण असते, आणि ते गेले तर तो काय पांघरून निजेल, असा प्रश्न स्वतः देव विचारतो. त्याने आरोळी केली तर ती आपण ऐकू, असेही तो बजावतो. पुढे आमोस २:८ मध्ये, गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीशेजारी लोळणाऱ्यांची संदेष्ट्याने निर्भर्त्सना केली आहे.

ही केवळ ग्रंथातील बाब नव्हती. १९६० साली याफोच्या दक्षिणेस समुद्रकिनाऱ्यावरील एका प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात इब्री भाषेत शाईने लिहिलेले एक खापर मिळाले. ते इ. स. पूर्वी सातव्या शतकाच्या अखेरचे आहे. त्यात कापणीवरचा एक मजूर अधिकाऱ्याला विनंती करतो, की माझे काम मी पुरे केले असताना माझे वस्त्र काढून घेण्यात आले आहे, ते मला परत मिळावे; माझ्याबरोबर कापणी करणारे भाऊबंद याला साक्ष देतील. सव्वीस शतकांनंतर त्या किल्ल्याच्या दगडांतून जी आरोळी वर आली ती एका पांघरुणासाठी होती.

त्याच किनाऱ्यावरील याफोला, म्हणजे शास्त्रातील यापोत, टबीथा राहत असे. तिच्या मरणानंतर विधवा रडत रडत पेत्राला तिने केलेली वस्त्रे दाखवू लागल्या. 'केलेली' यासाठी मूळ ग्रीकात जो काळ वापरला आहे तो एकदाच घडलेली गोष्ट सांगत नाही; ती वस्त्रे करीत असे, करीत राहत असे, असा त्याचा भाव आहे. 'दाखविणे' या क्रियापदाच्या रूपावरून काही अभ्यासकांनी असेही सुचविले आहे की, त्या विधवा आपल्या अंगावरचीच वस्त्रे दाखवीत होत्या. टबीथा दानधर्मात तत्पर होती असे लूक आधीच सांगतो. तरी तिच्या मागे साक्ष म्हणून उभी राहिली ती तिने हातांनी केलेली वस्त्रे, आणि ती अंगाला येत होती.

येथे आपण आपल्या नाताळच्या गाठोड्यांकडे पाहिले पाहिजे. बटणे तुटलेला सदरा, बगलेत उसवलेला झगा, डाग न गेलेली चादर ही आपण देतो. घेणाऱ्याला नको म्हणता येत नाही. त्याच्याकडे सुई-दोरा नसतो, आणि पुष्कळदा दिवसभराच्या मजुरीनंतर शिवण्याइतके बळही नसते. अशा वेळी जो श्रम आपण वाचविला तो आपण त्याच्यावर टाकलेला असतो. घराचा पसारा आवरला जातो, आणि त्याला दानाचे नाव मिळते. उरलेले देण्यात काही पाप नाही. पाच भाकरींचे उरलेले तुकडेही जपून गोळा करण्यात आले होते. परंतु उरलेले तुकडे निवडून, धुऊन, अस्तर देऊन, घेणाऱ्याच्या अंगाच्या मापाने शिवून दिले, म्हणजेच ते पांघरूण होतात. कापड उरलेले असले तरी चालेल. त्यावर घालविलेला वेळ उरलेला नसावा.

मंडळीने करावयाचे काम

नाताळपूर्वी तीन महिने आरंभ करावा. पहिल्या बैठकीत तुकडे गोळा करून सुती व इतर असे दोन ढीग करावे, व गोधडी ज्या घरी द्यावयाची त्या घराचे माप दोन बहिणींनी जाऊन आणावे. दुसऱ्या बैठकीपर्यंत प्रत्येकीने आपल्या वाट्याचे तुकडे धुऊन, इस्त्री करून, ६ इंचांचे चौकोन कापून आणावे. आठ जणींनी प्रत्येकी दहा चौकोन आणले तर मुलाची एक गोधडी होते. पुढील बैठकांत ओळी जोडाव्या. कच्चे टाके घालून झाल्यावर गोधडी मध्ये पसरून चारही बाजूंनी बसावे व पक्के टाके घालावे. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे अशा वृद्ध भगिनींकडे मांडणीची देखरेख सोपवावी. कोणता काठ कोणाच्या लुगड्याचा हे त्याच सांगू शकतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. मार्क २:२१ व लूक ५:३६ या दोन वचनांतील ठिगळाच्या वर्णनांत कोणते भेद आहेत? त्यांतून कोणकोणते नुकसान दिसून येते?

२. 'नवे' व 'कोरे' या शब्दांतील भेद आपल्या रोजच्या बोलण्यातील उदाहरणांनी स्पष्ट करा. आपण ज्या प्रांतात राहता तेथील भाषेत 'कोरे' याला कोणता शब्द आहे?

३. आपल्या मंडळीत उजेडासमोर धरल्यास विरलेले दिसेल असे कोण आहे? त्याला वगळले जाते की अस्तर दिले जाते?

४. निर्गम २२:२७ मधील देवाचा प्रश्न आज आपल्या शहरात कोणाविषयी विचारला जाईल?

५. मागील नाताळात आपण दिलेल्या कपड्यांपैकी कोणता कपडा आपण स्वतःच्या मुलाच्या अंगावर घातला असता?